घरची खुशाली

नळावरून भरलेली बादली घेऊन मारिविक चढाला लागली तेव्हा शेजारची कबुलाची आई दारात शेगडी फुंकत बसली होती. तिने रोजच्यासारखं विचारलं, “झोप लागली का?” “लागली.” “काम कसं चाललंय?” “बरं चाललंय.” “आणि घरची मंडळी? म्हातारा बरा आहे ना?” मारिविक म्हणाली, “बरा आहे.” बादली या हातातून त्या हातात घेतली आणि ती पुढे गेली. वाटेतल्या मोठ्या खडकापाशी, जिथून खाली तळ्याचं पाणी दिसतं, तिथे तिचे पाय थांबले. बादली कलंडली होती आणि पाणी तिच्या चपलेवरून ओघळत खाली कोंबड्यांच्या दिशेने चाललं होतं. ते ती नुसतं बघत राहिली. बाप जाऊन चार दिवस झाले होते, आणि तिचं तोंड किती सहज म्हणून गेलं होतं, बरा आहे.

आफ्रिकेत, म्वान्झाला आल्यावर सगळ्यात आधी ती हेच शिकली होती. टोमॅटो कसे दिले हे विचारायच्या आधी टोमॅटोवालीच्या रात्रीची, पोरांची, घराची, कामाची चौकशी करायची, आणि तिने केली की प्रत्येक प्रश्नाला ‘बरं आहे’ म्हणायचं. घर जळालं असलं तरी आधी बरं म्हणायचं, जळाल्याचं मागून. ती काम करायची त्या आरोग्य केंद्रात पहिल्याच महिन्यात एक माणूस तान्हं बाळ घेऊन आला होता. केंद्रातल्या परिचारिकेने विचारलं, घरी कसं काय? तो म्हणाला, बरं आहे, फक्त काल बायको गेली. आपल्याला अजून भाषा नीट कळत नाही असं वाटून मारिविकने त्याला परत विचारलं होतं, आणि त्याने जराही न रागावता तेच, त्याच शब्दांत, जरा सावकाश सांगितलं होतं. फोनवर तिने ती गोष्ट भावाला सांगितली तेव्हा दोघंही थोडे हसले होते. आता खडकापाशी उभं राहून तिच्या ध्यानात आलं की तिला तो रिवाज अर्धाच जमला होता. ‘बरं’ तिला म्हणता येत होतं. ‘फक्त’ घशात अडकत होतं.

बाकी सगळं तिला फार लवकर जमलं होतं. इतकं लवकर की तिला पाठवणाऱ्या संस्थेच्या राजधानीतल्या कचेरीतून आलेल्या बाई तिच्या खोलीत बसून म्हणाल्या होत्या, तुझ्यासारखी रुळलेली स्वयंसेविका आम्ही पाहिली नाही. दुसऱ्यांना सहा-सहा महिने लागतात. त्यांना पोटाचे विकार होतात, पत्रं लिहावीशी वाटतात, ते आंघोळीच्या गरम पाण्यासाठी हळहळतात. मारिविकने आल्या आठवड्यात कोळशाची शेगडी पेटवायला शिकून घेतली. एका बादलीत आंघोळ, कपडे आणि शेवटी फरशी हे गणित तिला तिच्या गावच्या, इलोइलोच्या घरापासून ठाऊकच होतं. बाजाजी रिक्षात चौघांच्या जागी सहावी होऊन बसताना ती पर्स पोटाशी धरायला विसरत नसे. पोरं मागून ‘चिना, चिना’ ओरडत पळत, आणि ती मागे वळून त्यांच्याच भाषेत म्हणे, चीनची नाही रे, फिलिपिन्सची. पोरांना दोन्ही सारखंच. मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा बोटांनी वळून त्याला अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात कालवण घ्यायचं, हेही आलं. तळ्याकाठी खडकांवर बारीक मासळी वाळत घातलेली असे, तिचा वास वाऱ्याबरोबर चढावर येई. परदेशातून आलेली माणसं त्या वासाने नाक दाबतात म्हणे. तिला मात्र पहिल्या दिवशी तो वास थेट घरचा वाटला होता, आणि तिने लगेच खिडकी लावून घेतली होती. लोक म्हणत, किती पटकन आपलीशी झाली. तिला कारण माहीत होतं. ज्याला मागे वळून बघायचं नसतं तो पुढच्या जागी चटकन रुळतो. त्यात कौतुकासारखं काही नसतं.

मागे तातय होता. बाप म्हणून तो तिला फारसा कधी मिळालाच नव्हता. मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत तेलपाण्याचं काम करायचा, वर्षातून एकदा घरी यायचा, तेव्हा त्याच्या अंगाला बोटीवरच्या साबणाचा आणि त्याखालून न जाणाऱ्या तेलाचा वास असायचा. ती आणि धाकटा भाऊ रोडेल आईच्या मागे लपायची. तो खोकं उघडून साबण, चॉकलेटं, टॉवेल काढायचा, एकेक वस्तू खाली मांडायचा आणि मुलं आपणहून पुढे येण्याची वाट बघत बसायचा. मुलं यायला लागेपर्यंत त्याची रजा संपायची. मग आई गेली, तो कायमचा घरी आला, आणि वर्षभरात एका सकाळी न्हाणीघरात कोसळला. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. एकच शब्द राहिला, हुओ. म्हणजे हो. भूक लागली? हुओ. दुखतंय? हुओ. बाहेर नेऊ, आत नेऊ, दिवा ठेवू, दिवा घालवू, सगळ्याला हुओ. नाही म्हणायचं असलं तरी तोंडातून तेच यायचं, आणि मग त्याचे डोळे भरून यायचे. मारिविक नर्स. लग्न झालेलं नाही. रोडेलला बायको, पोरं, रिक्षा. कुणी काही न ठरवताच ते ठरलं. दिवसभर इस्पितळात परक्यांची अंगं पुसायची आणि घरी येऊन बापाचं. तीन वर्षं. त्या तीन वर्षांत त्या दोघांची लहानपणी राहून गेलेली ओळख झाली असं काही झालं नाही. झालं एवढंच, की त्याच्या पाठीवरचा प्रत्येक तीळ तिला पाठ झाला, आणि एक दिवस त्याला कुशीवर वळवताना तिच्या मनात आलं की आता ही उशी त्याच्या तोंडावर थोडी जड झाली तर. तेवढंच आलं आणि गेलं. पुढच्या आठवड्यात तिने स्वयंसेविका होण्याचा अर्ज केला.

दुबईला पगारासाठी निघाली असती तर गल्लीने नावं ठेवली असती. आफ्रिकेला, जवळजवळ बिनपगारी, परक्यांची बाळं वाचवायला निघाली म्हणून चर्चमध्ये पाद्र्याने तिला सगळ्यांसमोर उभं करून आशीर्वाद दिला. बायकांनी तिचे हात हातात घेतले. निघायच्या दिवशी ती बापाच्या खाटेपाशी वाकली आणि तिने विचारलं, “तातय, जाऊ का?” तो म्हणाला, हुओ. आणि त्याच्या चालत्या डाव्या हाताने तिच्या बाहीचं टोक मुठीत धरलं. तिने एकेक बोट सोडवलं. अंगठा शेवटी.

शुक्रवारी ती लसीकरणाच्या रांगेत बाळं तोलत होती तेव्हा खिशातला फोन थरथरला. हातात एक बाळ होतं, काट्यावर ठेवायचं. ते तिने ठेवलं, वजन नीट सांगितलं, आणि मग खिडकीपाशी गेली.

“मानांग,” रोडेल म्हणाला. थोरल्या बहिणीला नावाने हाक मारायची त्याला कधी सवयच नव्हती. “तातय गेला. दुपारी जेवण भरवत होतो, गिळलंच नाही.” त्याच्याकडे मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. शेजारपाजार जमायला लागला होता, आता प्रेत घरात ठेवून कितीतरी दिवस माणसं येतील, कॉफी पितील, पत्ते खेळत जागतील. “रविवारी ठरवलंय. म्हणजे पुढच्या. पण तू म्हणालीस तर आणखी थांबू. सगळे विचारताहेत, मारिविक कधी येतेय. काय सांगू?”

“उद्या सांगते,” ती म्हणाली. बाहेर येऊन पुढच्या बाळाचं वजन केलं. त्यानंतर तिने फोन केला नव्हता. रोडेलचे फोन आले ते घेतले नव्हते. कचेरीला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी तिकीट काढून दिलं असतं, म्हणूनच.

ती रिकामी बादली घेऊन परत खाली आली. कबुलाच्या आईने तोवर खळग्यांचा लोखंडी तवा शेगडीवर चढवला होता. तांदळाचे गोड आप्पे ती रोज सकाळी करून विकत असे. ती पन्नाशीची, रुंद, आवाजाला कडक. घरमालक तिचा दीर, पण भाडं, भांडणं आणि भाडेकरूंची आजारपणं हे सगळं तिच्याकडे.

“पाणी काय खडकाला पाजलंस का?” ती म्हणाली.

“कबुलाच्या आई, मला परत विचारा.”

“काय विचारू?”

“घरचं. मघाशी विचारलंत ते.”

कबुलाच्या आईने तिच्याकडे पाहिलं. हातातली सळई तव्याच्या कडेला ठेवली, हात कमरेला गुंडाळलेल्या खांगाच्या कापडाला पुसले आणि उभी राहून, नीट, पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, “घरची मंडळी कशी आहेत?”

“बरी आहेत,” मारिविक म्हणाली. “फक्त बाप वारला.”

तव्यात आप्प्यांच्या कडा जळू लागल्या होत्या. कबुलाच्या आईने तवा खाली उतरवला. “कधी?”

“शुक्रवारी.”

“आज मंगळवार.” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “शनिवारी मी तुझ्याकडे मीठ मागायला आले. तू मीठ दिलंस. वर म्हणालीस, आणखी घ्या. माझी भिंत ती तुझी भिंत, आणि मी इथे बसून गाणं म्हणत आप्पे काढतेय. चार दिवस मला तू निर्लज्ज करून ठेवलंस गं. मढं लपवतात का कोणी?”

“मढं तिकडे आहे, कबुलाच्या आई. खूप लांब.”

“त्याचं माणूस जिथे, तिथे ते असतं. चल, आत हो. चप्पल काढ. कबुला, ए कबुला, शेगडीत पाणी ओत. आज धंदा नाही.”

दुपारपर्यंत मारिविकचं घर तिचं उरलं नाही. खाट, टेबल, पुस्तकांचं खोकं बाहेर खडकावर नेऊन ठेवलं गेलं. जमिनीवर चटया आल्या. बायका येत होत्या, दारात वाकून आत शिरत होत्या, डोक्यावरचं पीठ, साखर, सरपण मागच्या अंगणात ठेवून येत होत्या आणि तिचा हात हातात घेऊन हळहळीचं ‘पोले, पोले’ म्हणत भिंतीशी बसत होत्या. पाय अडखळला तरी पोले, ताप आला तरी पोले, बाप मेला तरी पोले. त्याचा अर्थ तिला ‘सॉरी’ असा सांगितला गेला होता, म्हणून सुरुवातीला तिला वाटायचं, ही माणसं माझी कसली माफी मागतात? त्यातल्या अर्ध्या बायकांना ती फक्त त्यांच्या बाळांच्या वजनावरून ओळखत होती. त्या रडत होत्या, खरंच रडत होत्या, खांगाच्या टोकाने डोळे पुसत एका सुरात गात होत्या. ती मध्ये, कुणीतरी अंगावर घातलेल्या खांगात, कोरड्या डोळ्यांनी बसली होती. बाहेर बाकांवर पुरुष बसले होते, त्यांत केंद्रातला औषधवाला मसांजा होता, तो खिडकीशी येऊन म्हणाला, “सिस्टर, रजेचं मी सांगितलंय वर. विमान कधीचं?” आतल्या दोघी-तिघींनी तेच विचारलं. जायचं तर जायचंच, यात कुणाला शंका नव्हती. पोटची पोर, जाणारच. मारिविकला हेच तर टाळायचं होतं. इलोइलोच्या त्या घरातली माणसं, त्यांच्या खुर्च्या, त्यांचा तो एकच प्रश्न, सगळं इथे चढावर येऊन तिच्याभोवती बसलं होतं. “आधी तिला श्वास घेऊ द्या,” कबुलाची आई म्हणाली. “चल गं, केळी सोलायला हात लाव. बसून बसून दगड होशील.”

मागच्या अंगणात हिरव्या केळ्यांचा ढीग होता. दोघी समोरासमोर बसल्या. केळ्याचा चीक बोटांना काळा लागत होता.

“जाणार नाहीस तू,” कबुलाची आई मान वर न करता म्हणाली.

“कशावरून?”

“जाणारी बाई चार दिवस मीठ वाटत बसत नाही.”

मग मारिविकने सांगितलं. भाषा तिला तेवढ्यापुरती अपुरी पडली आणि ते बरंच झालं, कारण तिला फक्त साधे शब्द येत होते. मी कंटाळले. मी पळाले. लोक म्हणाले, चांगली बाई. मी चांगली बाई नाही. “मी त्याला विचारलं, जाऊ का. तो हो म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं, कबुलाच्या आई. मला ते माहीत होतं. म्हणून मी विचारलं.” आणि बाहीचंही सांगितलं. बोटांचं.

कबुलाच्या आईने हातातलं केळं सोललं, पाण्यात टाकलं, दुसरं घेतलं. “त्याला कळायचं का, की आपल्याला तेवढंच म्हणता येतं?”

“कळायचं. रडायचा.”

“मग त्याला हात धरून गप्पही बसता आलं असतं. तोंड मिटता येत होतं ना?”

“येत होतं.”

“तोंडाने म्हणाला जा आणि हाताने म्हणाला राहा. दोन्ही त्याचंच. माणूस दोन्ही म्हणतो.” तिने आणखी एक केळं पाण्यात टाकलं. “पळालीस ते पळालीस. मी त्याला चांगलं म्हणणार नाही. पण तिकडे तुझा भाऊ प्रेत घेऊन बसलाय. त्याला टांगून ठेवू नकोस. जाते म्हण, नाहीतर नाही म्हण. हात धू आणि फोन कर.”

खडकामागे, जिथे तिची खाट उन्हात उभी केली होती, तिथे जाऊन तिने फोन केला. तिकडे संध्याकाळ झाली असावी. मागे पत्ते पिसल्याचा आवाज, कुणाचं तरी हसणं.

“नको थांबू, रोडेल,” ती म्हणाली. “रविवारीच करा.”

तो म्हणाला, “लोकांना काय सांगू?”

“सांग, मारिविकला यायचं नव्हतं.”

“ते मी नाही सांगणार. सांगेन, विमान मिळालं नाही.” त्याच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता, तीन वर्षं तिच्या स्वतःच्या आवाजात असायचा तसा, आणि तो तिने लगेच ओळखला. तो तिनेच जाताना त्याच्याकडे ठेवला होता. “एक सांगू, मानांग? तुला सांगितलं नव्हतं. तू गेल्यावर तातयने बोलणं सोडलं. ते हुओपण. काही विचारलं की नुसतं बघायचा. अख्खा पावसाळा. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका असेल. मग एक दिवस माझ्या धाकटीने आजोबाला विचारलं, लोलो, आंबा खाणार? तर म्हणाला, हुओ. तिथून परत सुरू झालं.”

“हं,” मारिविक म्हणाली.

“झटका नव्हता तो,” रोडेल म्हणाला.

“हं.”

“ठेवतो. माणसं आलीत.”

रविवारी सकाळी बायकांनी तिला मध्ये बसवलं आणि मसांजाने आपला मोठ्या पडद्याचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून समोर उभा केला. तिकडे ऊन उतरतीला लागलं होतं. पांढरी शवपेटी, रोडेलचा घामाने पाठीला चिकटलेला सदरा, त्याच्या बायकोची निळी छत्री, दफनभूमीची ती कमान, जिच्याखालून आईला नेलं होतं. ‘हा भाऊ?’ बायका हळूच विचारत. ‘हा भाऊ.’ ‘तुझ्यासारखाच दिसतो.’ पेटीचं झाकण शेवटचं उघडलं तेव्हा फोन धरणारा माणूस पुढे गेला, आणि तातयचा चेहरा दिसणार त्या क्षणाला चित्र थबकलं. छत्रीचा एक निळा तुकडा पडद्यावर राहिला. मसांजाने फोन उचलून खिडकीबाहेर धरला, दारात जाऊन पाहिलं, डोंगरावर चढून पाहिलं. तो परत आला तोवर तिकडे सगळं झालं असणार, हे सगळ्यांनाच कळलं. बायकांनी गाणं थांबवलं नाही. मारिविक त्या निळ्या तुकड्याकडे बघत होती. रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही. आपण आतून काही वेगळ्याच द्रव्याच्या आहोत की काय, असं वाटून तिला भीती वाटली. शेजारची म्हातारी तिच्या कानाशी म्हणाली, “घाई नाही, पोरी,” आणि तेही तिला आणखी एका दयेसारखं लागलं, जिला ती पात्र नव्हती.

रिवाजाप्रमाणे बायका तिच्या घरात झोपल्या, मग एका सकाळी घर झाडून, चटया झटकून, खाट आत आणून निघून गेल्या. मारिविक कामाला लागली. बाळं तोलली, नव्या परिचारिकांना तान्ह्याला छातीशी धरून ऊब कशी द्यायची ते शिकवलं. कुणी काही बोललं नाही, पण एक गोष्ट बदलली होती. पोरं आता ‘चिना’ ओरडत नसत. चढावर त्यांना कुणीतरी दटावलं असावं. ती जवळून गेली की पोरं गप्प होत. तिला त्या ओरडण्याची सवय झाली होती, आणि ते थांबलं तेव्हा तिला आपण इथल्या झालो असं न वाटता आपल्याला काहीतरी झालंय हे सगळ्यांना कळलंय, असंच वाटत राहिलं. रोडेल अधूनमधून फोन करी. धाकटीच्या शाळेचं, रिक्षाच्या टायरचं बोले. तातयची खाट त्याने देऊन टाकली होती.

मोठा पाऊस येऊन गेला. खडकांच्या फटींत गवत पिवळं पडायला लागलं तेव्हा चढाच्या पलीकडच्या अंगाला राहणाऱ्या सुताराचा बाप वारला. मारिविकने त्या म्हाताऱ्याला कधी पाहिलं नव्हतं. कबुलाची आई डोक्यावर पिठाची टोपली घेऊन दारात येऊन म्हणाली, “चल,” आणि ती साखरेची पुडी घेऊन निघाली. न जाण्याचा विचार तिच्या मनात आला नाही. सुताराच्या अंगणात फळ्यांचा, ओल्या भुशाचा वास होता. आत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. ती सगळ्यात मागे, दाराशी बसली. मध्ये म्हाताऱ्याला ठेवलं होतं, अंगावर स्वच्छ चादर, आणि चादरीबाहेर त्याचा एक हात राहिला होता. कामाचा हात. नखांत काळं, कितीही धुतलं तरी न गेलेलं. त्याची सून पुढे झाली आणि तो हात उचलून चादरीखाली सारू लागली. बोटं ताठ झाली होती, चादरीच्या काठात अडकत होती. सून एकेक बोट हलकेच सोडवत होती.

मारिविकच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिने स्वतः कधी ऐकला नव्हता. ती पुढे वाकली, कपाळ चटईला लागलं, आणि मग ते थांबेचना. तातय, तातय, एवढाच शब्द, इथे कुणालाही न कळणारा. गाणं थांबलं. माणसं वळून बघू लागली. सुताराची आई, जिचा नवरा मध्ये निजला होता, तिने मान वळवून विचारलं, “ही कोण? आमच्या म्हाताऱ्याला ओळखत होती का?”

“नाही,” कबुलाची आई म्हणाली. तिने मारिविकच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. “रडू द्या तिला. तिचा बाप आज गेलाय.”

म्हातारीने थोडा वेळ बघितलं. मग ती चटईवर जरा बाजूला सरकली आणि आपल्या शेजारी हाताने जागा झाडून दिली.